कर्ज फेडताना मधल्या महिन्यांत धीर कसा टिकवायचा

कर्ज फेडायचं ठरवल्यावर पहिला महिना जोमात जातो. बाहेरचं खाणं बंद होतं, वहीत हिशोब उतरतो, पगार झाल्या-झाल्या कार्डावर चार पैसे जास्त भरले जातात. शेवटचे दोन-तीन महिनेही जड जात नाहीत, कारण पैलतीर दिसत असतो. माणसं हात टेकतात ती मध्ये. पाचवा-सहावा महिना उजाडतो, आकडा अजून मोठाच असतो, नात्यात कुणाचं तरी लग्न निघतं, आणि "एवढं करून फरक काय पडला?" असं म्हणत वही कपाटात जाते.

नोकरदारांच्या एका पतसंस्थेच्या कर्ज समितीवर मी बरीच वर्षं काम करते आहे. समोर बसलेल्या सभासदाला हिशोब येत नाही, असं क्वचितच होतं. बँकेत, कारखान्यात, शाळेत रोज आकडेमोड करणारी माणसं असतात ती. अडतं ते याच मधल्या महिन्यांत. म्हणून हा लेख सगळा त्या महिन्यांच्या तयारीचा आहे. ज्यांच्या घरात दरमहा काही ठरावीक उत्पन्न येतं आणि डोक्यावर क्रेडिट कार्ड, पर्सनल लोन, मोबाईल-टीव्हीचे हप्ते, पतसंस्थेचं कर्ज, हातउसने अशी सरमिसळ आहे, त्यांच्यासाठी तो लिहिला आहे. गृहकर्ज आणि पीककर्ज यांचं गणित वेगळं, ते इथे घेतलेलं नाही.

पायरी 1: सगळी देणी एका पानावर

एका बैठकीत, शक्यतो घरात शांतता असताना, एक यादी करा. प्रत्येक कर्जासमोर पाच गोष्टी लिहा: कोणाचं देणं, आजची शिल्लक, वार्षिक व्याजदर, दरमहाचा हप्ता, हप्त्याची तारीख. मोबाईलमध्ये लिहिलंत तरी चालेल, पण मी कागद सुचवते. कारण हे पान पुढे कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवायचं आहे.

शिल्लक लिहिताना "हप्ता गुणिले उरलेले महिने" असं करू नका. त्यात पुढचं व्याजही मिसळतं आणि आकडा उगाच फुगतो. बँकेच्या ॲपमध्ये किंवा कर्जखात्याच्या उताऱ्यात मुद्दल किती बाकी आहे ते दिसतं, तेच घ्या. पतसंस्थेची कपात पगाराच्या स्लिपवर असते, पण शिल्लक संस्थेत विचारावी लागते. एखादं जुनं कार्ड किंवा ॲपवरचं कर्ज विसरलं असेल अशी शंका असेल, तर क्रेडिट रिपोर्ट काढा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो.

व्याजदराच्या रकान्यात एक सापळा आहे. "फक्त 10 टक्के फ्लॅट" असं सांगून दिलेलं तीन वर्षांचं कर्ज घटत्या शिलकीच्या हिशोबाने जवळपास 18 टक्क्यांना पडतं. फ्लॅट दरात तुम्ही फेडून टाकलेल्या रकमेवरही शेवटपर्यंत व्याज लागत राहतं. त्यामुळे सगळे दर घटत्या शिलकीचे आहेत ना, हे बघूनच एकमेकांशी ताडून पाहा. 1 ऑक्टोबर 2024 पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांना नव्या किरकोळ, म्हणजे सामान्य ग्राहकाला दिलेल्या, कर्जासोबत मुख्य माहितीपत्रक द्यावं लागतं. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर किती पडतो ते लिहिलेलं असतं.

आणि हातउसने लिहायला विसरू नका. मावसभावाचे चार हजार, मेव्हण्याचे दहा हजार, वाण्याची उधारी. त्यांना व्याज नसतं म्हणून ते यादीत येत नाहीत, पण मनावर सगळ्यांत जास्त ओझं त्यांचंच असतं. ज्याचे पैसे द्यायचे आहेत तो कार्यक्रमात समोरून येताना दिसला की माणूस दुसऱ्या दाराने बाहेर पडतो, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

पुढच्या पायऱ्या समजाव्यात म्हणून एक घर कल्पून घेऊ. हातात पगार येतो 45,000 रुपये. देणी अशी:

मावसभावाचे हातउसने 4,000 रुपये, बिनव्याजी.
मोबाईलचे हप्ते, 1,500 रुपयांचे सहा बाकी, म्हणजे 9,000.
क्रेडिट कार्ड 40,000, व्याज महिना 3.5 टक्के, म्हणजे वर्षाला 42.
पतसंस्था 60,000, व्याज 13 टक्के, कपात 2,800.
पर्सनल लोन 1,50,000, व्याज 15 टक्के, हप्ता 6,000.

एकूण 2,63,000. हा आकडा पहिल्यांदा लिहिला जातो तेव्हा पोटात गोळा येतो. येऊ द्या. त्या रात्री कुठलाही निर्णय घेऊ नका, एवढंच सांगेन.

पायरी 2: नवी भर बंद

हे थोडक्यात. खरेदीच्या आणि जेवण मागवण्याच्या ॲपमध्ये साठवलेलं कार्ड काढून टाका. "आत्ता घ्या, नंतर द्या" अशा सोयी बंद करा. यूपीआयला क्रेडिट कार्ड जोडलं असेल तर तोडा. बँकेच्या ॲपमधून ऑनलाइन व्यवहारांची मर्यादा कमी करता येते, तीही करा. कार्ड कापून टाकायचा नाट्यमय प्रकार केला नाही तरी चालतो, पण ते पाकिटात ठेवू नका.

पायरी 3: आधी थोडी गंगाजळी

सगळ्यांना इथे घाई होते. "व्याज 42 टक्के चाललंय आणि तुम्ही बचत करायला सांगता?" असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि तो रास्त आहे. निव्वळ गणिताने बघितलं तर बचत खात्यातले दहा हजार तसेच ठेवून कार्डाचं व्याज भरणं चूकच ठरतं.

पण घरात काय घडतं ते बघा. तुम्ही जिवाचं रान करून चार महिन्यांत कार्ड 40,000 वरून 22,000 वर आणता. पाचव्या महिन्यात मुलाला डेंग्यू होतो किंवा गाडीचं इंजिनचं काम निघतं. खात्यात काही नाही, म्हणून तेच कार्ड पुन्हा घासलं जातं आणि आकडा 34,000 वर जातो. पैशाच्या दृष्टीने हे बारा हजारांचं नुकसान आहे. मनाच्या दृष्टीने चार महिने पाण्यात गेल्यासारखं वाटतं आणि बहुतेक जण तिथेच सोडून देतात. मी पाहिलेल्या अर्धवट राहिलेल्या प्रयत्नांमागे हे कारण फार वेळा निघालं आहे.

म्हणून आधी 10,000 रुपये वेगळ्या खात्यात टाका, ज्याचं एटीएम कार्ड रोज जवळ नसतं अशा खात्यात. पोस्टाचं बचत खातं यासाठी चांगलं. ही रक्कम कशासाठी वापरायची हेही आधीच लिहून ठेवा: आजारपण, कामावर जायच्या गाडीची दुरुस्ती, घरातलं मोडलेलं अत्यावश्यक सामान. भाचीच्या बारशाचा आहेर यात बसत नाही. पैसे वापरले गेले तर पुढच्या महिन्यात कर्जाला जास्तीचं काही न भरता आधी ही गंगाजळी पुन्हा भरायची.

पायरी 4: पहिला वार कुठे करायचा

आपल्या कल्पित घरात गंगाजळी आधीच जमलेली आहे आणि ठरलेले हप्ते व घरखर्च भागून महिन्याला 4,000 रुपये जास्तीचे उरतात असं धरू. ते सगळीकडे थोडे थोडे वाटू नका. बाकी सगळ्यांना किमान रक्कम आणि एकाच कर्जाला पूर्ण जोर, हा नियम. यामागे अभ्यासही आहे. डेव्हिड गॅल आणि ब्लेकली मॅक्शेन या संशोधकांनी 2012 मध्ये कर्जातून बाहेर पडू पाहणाऱ्या लोकांची आकडेवारी तपासली, तेव्हा रकमेपेक्षा "एक खातं पूर्ण बंद झालं" या गोष्टीचा तडीस जाण्याशी जास्त संबंध आढळला.

मग कुठलं कर्ज आधी? दोन मतं आहेत. एक म्हणतं सगळ्यांत लहान कर्ज आधी, म्हणजे उत्साह येतो. दुसरं म्हणतं सगळ्यांत महाग आधी, म्हणजे पैसे वाचतात. मी दोन्ही करून बघायला सांगते, पण आकडे मांडून.

कार्डाचं आधी बघू. 40,000 वर महिन्याचं व्याज 1,400 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी 252, असे 1,652. किमान भरणा 5 टक्के धरला तर 2,000. म्हणजे तुम्ही दोन हजार भरता आणि मुद्दल कमी होतं फक्त 348 रुपयांनी. शिवाय मागची बाकी असली की नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. कार्डावर किमान रक्कम भरत राहणारा माणूस वर्षानुवर्षं तिथेच का असतो, ते या 348 मध्ये दिसतं.

आता पहिल्या महिन्यापासून 2,000 अधिक 4,000 असे सहा हजार थेट कार्डावर भरले, तर आठव्या महिन्यात कार्ड शून्य होतं आणि व्याज व कर मिळून साधारण 7,750 रुपये जातात. त्याऐवजी पहिल्या महिन्यात मावसभावाचे चार हजार देऊन टाकले आणि दुसऱ्या महिन्यापासून कार्ड धरलं, तर कार्ड नवव्या महिन्यात संपतं आणि सुमारे दीड हजार रुपये जास्त जातात. या दीड हजारात तुम्हाला पहिल्याच महिन्यात यादीतली एक ओळ खोडायला मिळते आणि मावसभावाशी पुन्हा मोकळेपणाने बोलता येतं. हा सौदा मला पटतो.

पण तेच हातउसने बारा हजार असते आणि त्यासाठी कार्ड तीन महिने ताटकळत ठेवलं असतं, तर जवळपास साडेचार हजारांचा भुर्दंड पडला असता. तो मला पटत नाही. म्हणून माझा नियम: एका महिन्यात मिटणारं देणं असेल तर ते आधी मिटवा, नंतर सरळ सगळ्यांत महाग व्याजाकडे वळा. (उसने देणारा स्वतः अडचणीत असेल तर मात्र कुठलंही गणित न करता त्याचे पैसे आधी द्यावेत.)

आणखी एक मार्ग आहे. पतसंस्थेकडून 13 टक्क्यांनी किंवा बँकेकडून सोनं तारण ठेवून कर्ज घ्यायचं आणि कार्ड एकदम मिटवायचं. 40,000 वरचं पहिल्या महिन्याचं व्याज 1,652 वरून 433 वर येतं, म्हणजे फायदा मोठा आहे. पण समितीसमोर असा अर्ज आला की मी एकच विचारते: कार्डाची मर्यादा कमी केली का? बँकेचं तसं पत्र आणा, मग बोलू. कार्ड रिकामं झालं आणि मर्यादा तशीच राहिली तर वर्षभरात कार्डही भरतं आणि पतसंस्थेचा हप्ताही चालू असतो.

पर्सनल लोनमध्ये मध्येच जास्त रक्कम भरायची असेल तर करारपत्र वाचा. वैयक्तिक कारणासाठी घेतलेल्या बदलत्या व्याजदराच्या कर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही. पण पर्सनल लोन बहुधा स्थिर दराची असतात, तिथे दंड असू शकतो. दंड आणि वाचणारं व्याज यांची वजाबाकी करूनच ठरवा.

पायरी 5: प्रगती डोळ्यांना दिसली पाहिजे

कर्ज घेतलं तेव्हा वस्तू घरात आली होती. फेडताना घरात काहीच येत नाही, बँकेचा एक मेसेज येतो आणि तोही सगळ्या मेसेजमध्ये हरवतो. मधल्या महिन्यांत जीव घाबरतो तो यामुळे. त्यावर उपाय अगदी साधा आहे आणि तो टाळू नका.

आपण दुधाचा हिशोब कॅलेंडरवर मांडतो तसा कर्जाचा तक्ता मांडा. चौकोनी रेघांच्या वहीचं पान घ्या. एक चौकोन म्हणजे एक हजार रुपये मुद्दल. कार्डाचे 40 चौकोन एका रंगाच्या चौकटीत, पतसंस्थेचे 60 दुसऱ्या, पर्सनल लोनचे 150 तिसऱ्या. महिन्याच्या ठरावीक तारखेला, पगारानंतरच्या पहिल्या रविवारी म्हणा, जेवढं मुद्दल कमी झालं तेवढे चौकोन भरायचे. पाचशे झाले तर अर्धा चौकोन. आमच्या एका सभासदाच्या घरी हे काम त्यांची चौथीतली मुलगी खडूने करायची. चौकोन रंगवायचा रविवार आला की तीच "बाबा, या महिन्यात किती?" असं विचारायची. मग त्यांना महिना चुकवणं अवघड झालं.

तक्त्याखाली एक ओळ आणखी ठेवा: या महिन्याचं व्याज. मला हा आकडा शिलकीपेक्षा जास्त मोलाचा वाटतो. वरच्या उदाहरणात मावसभावाचे आधी देऊन मग कार्ड धरलं, तर कार्डाचं व्याज आणि कर पहिल्या महिन्यात 1,652 जातात, पाचव्यात 1,074 आणि आठव्यात 439. तुम्ही तेच सहा हजार भरताय, पण त्यातला तुमच्या उपयोगाला येणारा भाग वाढत चालला आहे. पाचव्या महिन्यात शिल्लक बघून धीर सुटतो तेव्हा ही ओळ वाचा. 1,652 आणि 1,074 मधला फरक 578 रुपये आहे, आणि तो दर महिन्याला तुमच्या खिशात राहतोय.

सिबिल स्कोअर मात्र दर आठवड्याला बघत बसू नका. तो 300 ते 900 मध्ये हलतो, कधी कारण कळेल असा, कधी न कळेल असा. फेड व्यवस्थित चालू असताना स्कोअर दहाने खाली आला म्हणून खट्टू झालेली माणसं मी पाहिली आहेत. सहा महिन्यांतून एकदा पुरे.

पायरी 6: घरात सांगणं

ही पायरी टाळून बाकी सगळ्या पाळणारे पुष्कळ असतात, विशेषतः पुरुष. बायकोला पर्सनल लोन माहीत असतं, कार्डाची बाकी माहीत नसते. मग ती दिवाळीला पडदे बदलायचं म्हणते, हा उगाच चिडतो, आणि तिला कळत नाही की पडद्यांवरून एवढं काय झालं. उलटही घडतं. भिशीतून उचललेले पैसे, बचत गटाचं कर्ज, माहेरून आणलेली रक्कम नवऱ्याला ठाऊक नसते.

सांगताना पायरी 1 चं पान समोर ठेवा. "माझ्याकडून झालं" किंवा "तुझ्यामुळे झालं" इथून सुरुवात झाली की तासभर त्यातच जातो. त्याऐवजी म्हणा, "एवढं देणं आहे, अमुक महिन्यापर्यंत यातलं कार्ड संपवायचं आहे, कुठून काय कमी करता येईल ते बघू." ऐकणाऱ्याला राग येणारच, दोन दिवस अबोला राहील. पण नंतर घरात दुसरं माणूस हिशोबाला येतं, आणि मधल्या महिन्यांत एकाचा धीर सुटला तर दुसरा सावरतो.

मुलांना रक्कम सांगायची गरज नाही. "या वर्षी आपण पैसे परत करतोय, म्हणून सहलीला जवळ जाऊ" एवढं सहावी-सातवीच्या मुलाला नीट समजतं.

नातेवाइकांचं काय, हा खरा चटका. लग्नसराईत दर आठवड्याला एक पत्रिका येते आणि आहेर कमी केला तर बोलणारे बोलतात. वर्षाच्या सुरुवातीलाच आहेराची एक वार्षिक रक्कम ठरवा आणि सख्ख्यांपासून सुरुवात करून वाटा. रक्कम संपली की पुढच्या लग्नाला जायचं, कामाला हात लावायचा, अक्षता टाकायच्या आणि आशीर्वाद देऊन यायचं. ऋण काढून सण करण्यापेक्षा हे किती तरी मानाचं आहे. मागे कुणी "काय रे, हात आखडता घेतलास?" म्हणालंच, तर "यंदा कर्ज फेडतोय, मामा" असं सरळ सांगा. असं मोकळेपणाने सांगितल्यावर बहुतेक वेळा समोरचाही हळूच स्वतःच्या हप्त्यांबद्दल बोलायला लागतो.

पायरी 7: मधल्या महिन्यांसाठी आधीच करून ठेवायची सोय

उत्साह असताना, म्हणजे पहिल्याच महिन्यात, पुढच्या गोष्टी ठरवून त्याच पानामागे लिहून ठेवा. धीर सुटलेला असताना नवे नियम सुचत नाहीत.

चुकलेला महिना. वर्षातून एखाद्या महिन्यात जास्तीचे 4,000 भरता येणार नाहीत हे गृहीत धरा. नियम एवढाच, की किमान हप्ता चुकवायचा नाही आणि सलग दुसरा महिना कोरडा जाऊ द्यायचा नाही. दुसऱ्या महिन्यात चार हजार जमत नसतील तर पाचशे भरा. पाचशेने व्याजात फारसा फरक पडत नाही, पण मोडलेली सवय पुन्हा जुळते आणि तक्त्यात अर्धा चौकोन तरी भरतो.

स्वतःसाठी थोडे पैसे. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला महिन्याला तीनशे-पाचशे रुपये असे द्या, ज्याचा हिशोब कुणी विचारणार नाही. त्याची मिसळ खावी, पुस्तक घ्यावं, गजरा घ्यावा. सगळं बंद करून बसलेलं घर तीन-चार महिन्यांनी एकदम उधळतं, आणि तो खर्च या पाचशेच्या कित्येक पट असतो.

सण. गौरी-गणपती आणि दिवाळी यांच्या तारखा कॅलेंडरवर वर्षभर आधी छापलेल्या असतात, तरी दरवर्षी त्या अचानक आल्यासारख्या अंगावर येतात. मागच्या वर्षी किती खर्च झाला ते आठवून त्याच्या दोनतृतीयांश रक्कम ठरवा, तिला उरलेल्या महिन्यांनी भागा आणि दरमहा बाजूला टाका. कर्जफेडीच्या वर्षात सण बंद ठेवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांना ते फार लागतं.

बोनस. हातात यायच्या आधी त्याची वाटणी लिहून ठेवा. मी सुचवते ती अशी: सत्तर टक्के कर्जाला, वीस टक्के गंगाजळीला किंवा सणाला, दहा टक्के मौजेला. बोनस खात्यात पडला की त्याच दिवशी कर्जाचा वाटा भरून टाका. आठ दिवस खात्यात राहिलेला बोनस तिथे सापडत नाही.

संपलेला हप्ता. आपल्या उदाहरणात मोबाईलचे 1,500 सहाव्या महिन्यात संपतात. सातव्या महिन्यापासून ते कार्डाला जोडा, मग कार्डाच्या शेवटच्या महिन्यात भरायची रक्कम बरीच कमी होते आणि व्याजही थोडं वाचतं. ते संपलं की मोकळे झालेले पैसे पर्सनल लोनकडे, तिथे दंड जड असेल तर पतसंस्थेकडे. संपलेला हप्ता महिनाभर जरी मोकळा राहिला तर घरखर्च तेवढा वाढतो आणि मग तो परत काढता येत नाही.

आणि तुलना. शेजाऱ्याने नवी गाडी घेतली तर ती त्याने कशी घेतली हे तुम्हाला माहीत नसतं. मी कर्जाचे अर्ज वाचते, त्यामुळे सांगते, पेढे वाटलेल्या गाड्यांमागचे हप्ते फार जड असतात.

पायरी 8: हप्ता भरणं अशक्यच झालं तर

नोकरी गेली, मोठं आजारपण आलं, तर हप्त्याच्या तारखेच्या आधी बँकेत जा. थकल्यावर गेलात तर तुमचं ऐकणारा माणूस बदललेला असतो. मुदत वाढवून हप्ता कमी करता येईल का, हे लेखी विचारा. 1 एप्रिल 2024 पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांना हप्त्याच्या कर्जावर दंडात्मक व्याज लावता येत नाही. दंडाचं शुल्क लावता येतं, पण ते मुद्दलात मिसळून त्यावर व्याज चढवता येत नाही. उताऱ्यात तसं दिसलं तर हरकत घ्या.

वसुलीवाल्यांनी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायचा नसतो, धमकावायचं नसतं, नातेवाइकांसमोर किंवा ऑफिसात अपमान करायचा नसतो. तसं झालं तर तारीख-वेळ लिहून ठेवा, आधी त्या बँकेकडे किंवा कंपनीकडे लेखी तक्रार करा, आणि 30 दिवसांत समाधानकारक उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. त्याला फी नाही. पतसंस्थेची तक्रार मात्र सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करायची असते. कोरे चेक किंवा सह्या केलेला स्टॅम्प पेपर घेऊन महिना पाच-दहा टक्क्यांनी पैसे देणारा बिनपरवाना सावकार असेल, तर महाराष्ट्रात 2014 चा सावकारी कायदा आहे आणि त्याखालची तक्रारही याच कार्यालयात घेतात.

"थोडे भरा, बाकी माफ करतो" अशी तडजोडीची ऑफर आली तर लगेच हो म्हणू नका. रिपोर्टवर ते खातं "सेटल्ड" असं नोंदलं जातं, पूर्ण फेडल्यावर येणारी "क्लोज्ड" ही नोंद मिळत नाही, आणि पुढे गृहकर्ज मागताना ते आडवं येतं. दुसरा मार्गच उरला नसेल तर तडजोड करावी, पण लेखी पत्र हातात आल्याशिवाय एक रुपया भरू नये.

देण्यांमुळे झोप उडाली असेल, जिवाचं बरंवाईट करावं असे विचार येत असतील, तर 14416 या टेली-मानसच्या सरकारी क्रमांकावर फोन करा. तो फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो. आमच्याकडे आलेल्या कुठल्याच कर्जाची रक्कम अशी नव्हती, की जिच्यासाठी माणूस जावा.

पायरी 9: एकेक कर्ज मिटेल तेव्हाची कागदपत्रं

शेवटचा हप्ता गेला म्हणजे कर्ज बंद झालं असं धरून चालू नका. ना-देय दाखला मागा आणि त्यावर कर्जखात्याचा क्रमांक बरोबर आहे का ते तपासा. बँक खात्यातून आपोआप हप्ता वळता करण्याची परवानगी रद्द झाली का ते बघा. कार्ड बंद करायचं असेल तर शिल्लक शून्य झाल्यावर लेखी विनंती करा आणि बंद झाल्याचा मेल जपून ठेवा. काही रुपयांची बाकी राहून त्यावर शुल्क चढत गेल्याची उदाहरणं असतात. घर किंवा जमिनीची मूळ कागदपत्रं तारण असतील तर पूर्ण फेडीनंतर 30 दिवसांत ती परत मिळाली पाहिजेत. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला 5,000 रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि तो काउंटरवर शांतपणे सांगितला की काम हलतं.

दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट काढून ते खातं "क्लोज्ड" दिसतंय ना हे पाहा. दिसत नसेल तर क्रेडिट कंपनीच्या संकेतस्थळावर हरकत नोंदवा. 30 दिवसांत तिचा निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते.

आणि यादीतलं शेवटचं कर्ज मिटलं, की त्याच तारखेला, तेवढ्याच रकमेचं आवर्ती ठेव खातं उघडा. खात्यातून त्या दिवशी तेवढे पैसे जायची घराला सवय झालेलीच असते.